‘सोयाबीन सोडा, मका लावा’ म्हणणाऱ्यांना

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी मेळाव्यांत आणि टीव्हीवरच्या चर्चांत अलीकडे एक सल्ला हमखास मिळतो : सोयाबीन आता परवडत नाही, मका लावा. सल्ला देणारे हुशार असतात, त्यांच्याकडे आकडे असतात, आणि बहुतेकदा त्यांची स्वतःची शेती बागायती असते. दुसरा गट बंदराकडे बोट दाखवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लादले. पुढच्याच महिन्यात त्यांचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी विचारले, की १४० कोटी लोकसंख्येची फुशारकी मारणारा हा देश आमचा एक बुशेल (अमेरिकेतले धान्याचे माप) मकाही का घेत नाही? तेव्हापासून या गटाचे म्हणणे एकच आहे, की अमेरिकेचा जीएम (म्हणजे जनुकांत बदल केलेला) मका आणि सोयाबीन रोखले म्हणजे आपला कास्तकार वाचला. माझ्या मते हे दोन्ही गट चुकीच्या जागी भांडत आहेत. सोयाबीनचा भाव बंदरात पडण्याआधी देशातच पडला, आणि तो पाडण्यात मक्याचाच मोठा हात आहे. त्या मक्याला दोन वर्षे जो भाव मिळाला, तोही बाजाराने कमी आणि दिल्लीतल्या आदेशांनी जास्त दिला. म्हणून ‘सोयाबीन सोडा’ हा सल्ला शेतीचा नाहीच. एका सरकारी निर्णयाने पोळलेल्या माणसाला दुसऱ्या सरकारी निर्णयावर पैज लावायला सांगणे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आधी सोयाबीनचे गणित नीट मांडू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो, तेलबिया अभियानात बसवतो, आणि खाद्यतेल महागले की सोयाबीनही वधारेल असे धरून चालतो. पण क्विंटलभर सोयाबीन गाळले, तर तेल निघते १८ किलोच्या आसपास. उरते ती साधारण ८० किलो पेंड. म्हणजे पेंडीचा भाव किलोमागे १० रुपयांनी उतरला, तर क्विंटलमागे ८०० रुपये गेले. ते भरून काढायला तेल किलोमागे जवळपास ४५ रुपयांनी महागावे लागेल, आणि तेल तेवढे महागले तर कोणते सरकार गप्प बसेल? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क एकदम २० टक्क्यांनी वाढवले. घोषणा झाली, फटाके वाजले. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि लातूर, वाशीम, अकोल्याच्या बाजारांत काढणीच्या काळात माल विकला गेला तो चार-साडेचार हजारांत. पुढे मे २०२५ मध्ये त्यातले १० टक्के शुल्क सरकारने परत कमीही केले, ऐन पेरणीच्या तोंडावर. तेलाच्या शुल्काने सोयाबीन तरत नाही हे त्या हंगामाने दाखवून दिले. तरी चर्चेत अजून शुल्कच.

पेंड का पडली? ती जाते मुख्यतः कोंबडीखाद्यात. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो, आणि पाव हिस्सा किंवा थोडी जास्त सोयापेंड. मका ऊर्जेसाठी, पेंड प्रथिनांसाठी. शेतात ही दोन पिके एकमेकांची स्पर्धक असली, तरी कोंबडीच्या पोटात ती भागीदार होती. हा हिशेब पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलने मोडला. टनभर मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल होते आणि तळाशी ३०० किलोच्या आसपास चोथा उरतो. वाळवलेल्या या चोथ्याला धंद्यात डीडीजीएस म्हणतात. पिष्ट निघून गेल्यामुळे त्यात प्रथिनांचे प्रमाण वाढलेले असते. ते सोयापेंडीइतके नसते, पण हा चोथा पेंडीपेक्षा बराच स्वस्त पडतो. डिस्टिलरीचा खरा पैसा इथेनॉलमधून वसूल झालेला असतो, त्यामुळे चोथा मिळेल त्या भावाला विकणे तिला परवडते. पशुखाद्य आणि कोंबडीखाद्यवाल्यांनी पेंड कमी केली, चोथा वाढवला. त्यांच्या जागी कोणीही हेच केले असते. (मक्याला बुरशी लागलेली असेल तर अफ्लाटॉक्सिन हे तिचे विष चोथ्यात तिपटीने साठते, हे पोल्ट्रीवाले खाजगीत बोलतात, जाहीर बोलत नाहीत.) बाहेरच्या बाजारात ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त, म्हणून निर्यातीची वाटही अरुंद. राहिलेली पेंड देशातच तुंबली, आणि तिचा भार थेट मोंढ्यात सोयाबीनची पोती घेऊन उभ्या असलेल्या माणसावर आला.

आता समोरच्यांचे म्हणणे. त्यात दम आहे, आणि तो नाकारून वाद जिंकता येणार नाही. पहिला मुद्दा उत्पादनाचा. देशात सोयाबीनची सरासरी हेक्टरी एक टनाच्या आसपास कित्येक वर्षे अडकून आहे. मका चांगल्या जमिनीत, पाण्याची सोय असेल तर, एकरालाच २५-३० क्विंटल देतो. भाव निम्मा असला तरी पैसे जास्त होतात, आणि जनावरांना चारा मिळतो तो वेगळाच. दुसरा मुद्दा रोगांचा. २०२३ च्या हंगामात नागपूर, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर भागात येलो मोझॅक आणि मूळकूज-खोडकूज यांनी हिरवीगार शिवारे आठ-पंधरा दिवसांत पिवळी केली. शेंगा भरल्याच नाहीत. ज्यांनी ते पाहिले त्यांना ‘सोयाबीन सोडू नका’ सांगायला जीभ रेटत नाही. तिसरा आणि सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की इथेनॉलमुळे कोरडवाहू धान्याला कितीतरी वर्षांत पहिल्यांदा नवा गिऱ्हाईक मिळाला. सरकारने मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर दिला. टनाला ३८० लिटर धरले, तर क्विंटलमागे २,७०० रुपयांहून अधिकचे नुसते इथेनॉल झाले. त्यातून २,२००-२,३०० रुपयांनी मका घेणे कारखान्याला जमत होते. पोल्ट्रीवाल्यांच्या मर्जीवर वर्षानुवर्षे जगलेल्या मका उत्पादकाला दुसरा खरेदीदार मिळाला, तर त्यात वाईट काय? काहीच नाही. सोयाबीन उत्पादकाचे हित म्हणजे मका उत्पादकाचे नुकसान, असे मी म्हणणार नाही. जालना, जळगाव, नाशिकच्या माणसालाही चार पैसे मिळालेच पाहिजेत.

पण हा गिऱ्हाईक आला कसा, ते आठवून पाहा. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, म्हणून ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. डिस्टिलऱ्यांना दुसरा कच्चा माल लागला, आणि सगळ्यांची नजर मक्यावर गेली. वर्षभरात, एके काळी मका निर्यात करणारा भारत म्यानमार आणि युक्रेनमधून मका मागवू लागला. भाव चढले. सल्लागार जागे झाले. २०२५ च्या खरिपात देशभर मक्याचे क्षेत्र झपाट्याने वाढले आणि सोयाबीनचे घटले. बरोबर त्याच वर्षी काय झाले? जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने अन्न महामंडळाच्या गोदामांतला तांदूळ डिस्टिलऱ्यांना क्विंटलमागे २,२५० रुपयांनी दिला, आणि त्याचे प्रमाण पुढे ५२ लाख टनांपर्यंत नेले. उसावरची बंधने आधीच सैल झाली होती. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठून झाले, म्हणजे मागणीला कमाल मर्यादा लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेल कंपन्यांकडे पुढच्या वर्षासाठी सुमारे १,७७६ कोटी लिटर इथेनॉलचे देकार आले आणि वाटप झाले सुमारे १,०४८ कोटी लिटरचे. कणसे शेतात वाळत असताना ही बातमी आली. मक्याचा हमीभाव २,४०० रुपये होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटकातल्या कित्येक बाजारांत दर दोन हजारांच्या खाली गेले, आणि नोव्हेंबरात कर्नाटकातले मका उत्पादक रस्त्यावर उतरले. त्यांतल्या कितीजणांनी त्याच हंगामात दुसरे पीक सोडून मका धरला होता, याची मोजदाद कोणी करणार आहे का? ज्यांनी सल्ला दिला ते तर नक्कीच करणार नाहीत.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. तेव्हाही हाच सल्ला होता, तूर लावा. शेतकऱ्याने ऐकले. २०१६ चा पाऊस चांगला झाला, तूर भरघोस आली. आणि दरम्यान जुलै २०१६ मध्ये सरकार मोझांबिकशी पाच वर्षांच्या तूर आयातीचा करार करून बसले होते. ५,०५० रुपये हमीभावाची तूर चार हजारांच्या आत-बाहेर विकली गेली. मराठवाड्यात खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, माल उघड्यावर पडून राहिला. त्या रांगांतल्या अनेकांनी पुढे तुरीचे क्षेत्र कमी करून सोयाबीन वाढवले. आज त्यांनाच मक्याचा सल्ला दिला जातो आहे. प्रत्येक वेळी शेतकरी गेल्या वर्षीच्या भावामागे जातो आणि सरकारी निर्णय पुढच्या वर्षीच्या भावाचा होतो. या दोहोंमधले अंतर त्याच्या खिशातून भरले जाते.

बाजार बाजूला ठेवला तरी मका सगळीकडे लागतो का? वाशीम, हिंगोली, यवतमाळची हलकी-मध्यम, पावसावरची जमीन घ्या. तिथे ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड पडणे ही नित्याची गोष्ट आहे. सोयाबीन त्या खंडात सुकते, फुले गाळते, पण पाऊस आला की पुन्हा थोडेफार सावरते. मक्याला तुरा आणि कणीस निघण्याच्या आठवड्यात पाणी मिळाले नाही, तर दाणेच भरत नाहीत. पाऊस नंतर आला काय, न आला काय. खताचा हिशेब त्याहून बोलका आहे. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र घेते, त्याला वरून हेक्टरी तीसेक किलो नत्र पुरते. मक्याला लागते १२० किलोच्या आसपास. ऐन जुलैत युरियाच्या रांगेत उभे राहून पाहिलेल्या माणसाला या फरकाची किंमत सांगायला नको. सोयाबीन वेळेवर निघाले की मागे राहिलेल्या ओलीवर हरभरा पेरता येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू घराचा वर्षाचा ताळेबंद या सोयाबीन-हरभऱ्याच्या जोडीवर उभा आहे, एकट्या सोयाबीनवर नाही. तुरीच्या ओळी सोयाबीनमध्ये सहज बसतात. मक्याच्या सावलीत तूर तेवढी खुलत नाही. शिवाय २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसलेली आणि काही महिन्यांतच महाराष्ट्रात पोहोचलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात बसते, फवारणी तिथवर पोहोचत नाही. रानडुकरांबद्दल तर बोलायलाच नको. जंगलालगतच्या गावात एका रात्रीत अर्धा एकर मका आडवा होतो, आणि पंचनामा होईपर्यंत उरलेलाही जातो. ही यादी मक्याला नावे ठेवण्यासाठी नाही. पाणी असलेल्या भारी जमिनीत मका लावावाच. पण एका तालुक्यात जमलेली गोष्ट साऱ्या विभागाला सांगितली जाते, तेव्हा तिचे नुकसान ज्याच्याकडे विहीर नाही त्याच्याच वाट्याला येते.

इथे तिसरा आवाज येतो, आणि तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. तो म्हणतो, प्रश्न उत्पादकतेचा आहे; अमेरिका-ब्राझील हेक्टरी सव्वातीन-साडेतीन टन घेतात कारण त्यांच्याकडे जीएम बियाणे आहे, आपल्याला ते नाकारले जाते. या मताच्या लोकांनी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला तणनाशक सहन करणारे बिगरपरवाना कापूस बियाणे उघडपणे लावून सरकारला आव्हान दिले होते. त्यांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे : आपला जीएमविरोध ढोंगी आहे. अर्जेंटिना-ब्राझीलच्या जीएम सोयाबीनचे तेल आपण वर्षानुवर्षे खातो. बीटी कापूसही जीएमच; त्याची सरकी ढेप होऊन म्हशीच्या पोटात आणि तेल होऊन आपल्या फरसाणात जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेले तेव्हा पोल्ट्रीच्या दबावाखाली याच सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. म्हणजे आयातीसाठी जीएम चालते, आपल्या शेतकऱ्याच्या हातात मात्र चालत नाही. हा दुटप्पीपणा सोडलाच पाहिजे, आणि चाचण्या होऊ द्याव्यात. जिथे मजुराअभावी निंदण होत नाही, तिथे तणनाशकाला तोंड देणारे वाण हवे असे शेतकरी म्हणत असेल, तर त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार शहरातल्या कोणाला नाही.

पण जीएम आले की टन वाढतील, हा दावा इतिहासाला धरून नाही. जीएम सोयाबीन अमेरिकेत १९९६ मध्ये आले. त्याआधीच तिथली सरासरी हेक्टरी अडीच टनांच्या आसपास होती. ब्राझीलने जीएमला कायदेशीर वाट २००३ नंतर दिली, आणि दक्षिणेकडच्या चोरट्या बियाण्याचा थोडा हिस्सा सोडला तर त्याआधीच तोही देश अडीच टनांवर पोहोचला होता. कसा? ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जून १९७३ मध्ये अमेरिकेत भाव भडकले म्हणून निक्सन सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी काही महिनेच टिकली, पण अमेरिकन सोयाबीनवर जगणारा जपान हादरला आणि त्याने दुसरा पुरवठादार उभा करायला ब्राझीलमध्ये पैसा ओतला. ब्राझीलने त्याच वर्षी एम्ब्रापा ही कृषी संशोधन संस्था काढली होती. तिच्या शास्त्रज्ञांनी ब्राझीलच्या सेर्रादो या गवताळ मुलखाच्या आम्लधर्मी जमिनीत चुना घातला, तिथे जगतील असे नत्र बांधणारे जिवाणू निवडले, आणि मुख्य म्हणजे विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांत लवकर फुलावर न येणारे वाण तयार केले. सोयाबीन हे मूळचे थंड मुलखातले पीक. दिवस लहान झाला की ते घाईने फुलते आणि झाड खुरटे राहते. ती घाई त्यांनी पारंपरिक संकरातून, दोन-तीन दशके खपून, काढून टाकली. जीएमने तणाचा खर्च आणि कष्ट वाचवले. टन आले ते त्याआधीच्या वाणांतून, मातीतून आणि लांब हंगामातून. पुढे अमेरिकेत एकाच तणनाशकावर भिस्त ठेवल्याने ते न जुमानणारा राजगिऱ्याच्या कुळातला तण माजला. त्यावर उतारा म्हणून डायकांबा हे दुसरे तणनाशक आणले, तर २०१७ मध्ये ते वाऱ्यावर उडून लाखो एकर शेजारचे सोयाबीन आकसले. शेजारी-शेजारी तुकड्यांत कापूस, तूर, भाजीपाला असलेल्या आपल्या शिवारात ते उडाले तर भांडण तहसीलपर्यंत जाईल की पोलीस ठाण्यापर्यंत, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे संशोधन झालेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या जेएस ३३५ या वाणाने १९९० च्या दशकात मध्य भारताचे खरीप बदलून टाकले. माळव्यात तर पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीत सोयाबीनने दुसरे पीक उभे केले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, १५८, ६१२ हे वाण दिले. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजमधून तांबेऱ्याला दाद न देणारा फुले संगम आला आणि आज तो थेट विदर्भापर्यंत गेला आहे. चिवट माणसांनी तुटपुंज्या पैशात केलेले हे काम आहे. पण एखादे वाण गाजले की तेच २०-२५ वर्षे पेरत राहायचे, ही सवय आपल्याला लागली. २०२३ च्या मोझॅकमध्ये जे पडले त्यात जुने, रोगाला सहज बळी पडणारे वाण किती होते, हे त्या गावांत कोणीही सांगेल. सोयाबीन स्वपरागीत असल्याने शेतकरी घरचे बियाणे तीन वर्षे सहज वापरू शकतो, आणि नेमकी हीच गोष्ट खाजगी कंपन्यांना नकोशी वाटते. दरवर्षी विकता येत नाही अशा बियाण्यात त्या पैसा का घालतील? मक्याच्या संकरित बियाण्यात घालतात, कारण ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. ‘मका लावा’ म्हणणाऱ्या काही व्यासपीठांमागे कोणाचे फलक असतात, ते एकदा निरखून पाहावे. म्हणूनच सोयाबीनच्या वाणांचे काम सरकारी विद्यापीठांनीच करायचे आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांचे विकतचे सोयाबीन उगवलेच नाही, औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा तरी हा धडा घ्यायला हवा होता.

राहिला बंदराचा प्रश्न. अमेरिकन मका-सोयाबीन आत येऊ नये, या मताशी माझे भांडण नाही. वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन घेणाऱ्या चीनने २०२५ मध्ये अमेरिकेकडे पाठ फिरवली, तेव्हा तिथला साठा कोणाच्या तरी गळ्यात मारायचा दबाव येणारच. प्रचंड सरकारी अनुदान आणि विम्याच्या आधारावर उभ्या असलेल्या हजार एकरांच्या शेताशी चार एकरवाल्याने स्पर्धा करावी, याला खुली स्पर्धा म्हणणे ही थट्टा आहे. पण ज्यांना बंदरावर पहारा ठेवायचा आहे, त्यांनी हे सांगावे : एकही अमेरिकन दाणा न येता २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांत सोयाबीन हमीभावाखाली का राहिले? २०२५ मध्ये तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीने धाराशिव, बीड, लातूरची उभी पिके पाण्यात गेली, राज्याला ३१ हजार कोटींहून मोठे पॅकेज जाहीर करावे लागले. उत्पादन घटले की भाव वाढतो असे पुस्तकात असते. काढणीच्या बाजारात मात्र ५,३२८ चा हमीभाव फलकावरच राहिला. आयातीची भीती खरी आहे, पण ती उद्याची. आज जे झाले त्याचा जाब तिच्या आडून कोणालाच विचारला जात नाही, आणि सत्तेतल्यांना तेच सोयीचे आहे. ‘शेतकऱ्याच्या हिताशी तडजोड नाही’ हे वाक्य परदेशाला उद्देशून म्हटले की टाळ्या मिळतात. तांदूळ २,२५० ने डिस्टिलरीला देताना ते कोणी म्हटल्याचे आठवत नाही.

हमीभावाने खरेदी हे उत्तर आहे का? काही प्रमाणात आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात ११ लाख टनांहून अधिक सोयाबीन हमीभावाने घेतले गेले, एवढी खरेदी राज्यात आधी कधी झाली नव्हती. पण नोव्हेंबरात आर्द्रतेची अट १२ वरून १५ टक्क्यांवर आणेपर्यंत गरजूंनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. पुढे बारदान्याने खोळंबा केला. विधानसभेच्या प्रचारात एका बाजूने सहा हजारांचा शब्द दिला, दुसऱ्या बाजूने सात हजारांचा. निकाल लागला आणि दोन्ही आकडे हवेत विरले. शिवाय सरकारने घेतलेले सोयाबीन पुढे कुठे जाते? ते पुन्हा बाजारातच विकले जाते, अनेकदा पुढच्या पेरणीच्या सुमारास, आणि नव्या मालाच्या भावावर बसते. पेंड तुंबलेलीच राहिली तर खरेदीने भाव फक्त काही महिने पुढे ढकलला जातो. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये सोयाबीनला भावांतर योजना, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक देण्याची योजना, पुन्हा लावली. त्यात सरकारला माल साठवावा लागत नाही, हा फायदा. पण फरक सरकार देणार हे कळले की व्यापारी भाव आणखी दाबतो, हा २०१७ चा त्याच राज्याचा अनुभव आहे.

मग मागायचे काय? मी कर्जमाफीइतकी मोठी मागणी करत नाही. इथेनॉलचे वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर असे चालते. कोणत्या कच्च्या मालापासून किती इथेनॉल घेणार, याचे वाटप काढणीच्या तोंडाशी जाहीर होते. खरिपाची पेरणी होते जूनमध्ये. मक्याचा हिस्सा, तांदळाचा हिस्सा, उसाचा हिस्सा मे महिन्याच्या आत जाहीर करायला आणि वर्षभर न बदलायला अडचण कोणती? तेल कंपन्यांना मागणीचा अंदाज तेव्हाही असतो. पाऊस बिघडला तर अन्नधान्यासाठी हात मोकळे हवेत, हे सरकारचे म्हणणे रास्त आहे. पण मग त्या मोकळ्या हाताची किंमत सरकारने मोजावी. पेरणीनंतर हिस्सा बदलला, तर ज्या पिकाचा हिस्सा कापला त्याची तेवढी खरेदी हमीभावाने करण्याचे बंधन स्वतःवर घालावे. आज हे बंधन एकट्या शेतकऱ्यावर आहे, कारण एकदा पेरलेला मका त्याला उपटता येत नाही.

सोयापेंडीबद्दलही तसेच. आपले सोयाबीन जीएम नाही, ही गोष्ट देशात कोणी विकत घेत नाही, पण युरोपात आणि जपानमध्ये बिगर-जीएम पेंडीला आणि खाण्याच्या सोयाबीनला वेगळा, चढा भाव देणारे गिऱ्हाईक आहेत. त्यासाठी गावापासून बंदरापर्यंत माल वेगळा ठेवण्याची आणि तपासण्याची व्यवस्था लागते. ती उभारणे एकट्यादुकट्या शेतकरी कंपनीच्या आवाक्यातले नाही. जीएमला परवानगी द्यायची की नाही, याचा निर्णयही हा बाजार आधी मोजून व्हायला हवा. एकदा बिगर-जीएम ही ओळख गेली की ती परत मिळत नाही, आणि ती विकण्याचा प्रयत्नसुद्धा आपण धड केलेला नाही. चोथ्याचे म्हणाल तर त्यावर बंदी घाला असे मी म्हणणार नाही, तो चांगला पशुखाद्यघटक आहे. अफ्लाटॉक्सिनची तपासणी आणि प्रथिनांचे प्रमाण पोत्यावर छापण्याची सक्ती एवढी जरी नेटाने केली, तरी निकृष्ट चोथा पेंडीची जागा फुकट बळकावणार नाही. पोल्ट्रीवाले याला विरोध करतील, खर्च वाढतो म्हणून. करू देत. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेले तेव्हा त्यांनी झटपट आयातीचा दरवाजा उघडून घेतला होता. वाशीमच्या माणसाने त्याच वेगाने काही मागितले, तर त्याला पीक बदलण्याचा सल्ला मिळतो.